आमची रायगडची सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी मला सांगितले, "रायगडच्या सहलीचा वृत्तांत तुम्ही सांगा, म्हणजे तो स्मरणिकेतही घालता येईल." मी म्हटले, "सांगते, पण सगळा सांगेन. गोड तेवढे सांगून कडू पोटात ठेवायचे, हे माझ्याने होणार नाही." त्यांनी मान डोलावली, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे.

आपल्या द्रोणागिरीच्या बायकांना किल्ला ही काही नवी चीज नाही. आपल्या उशाशी द्रोणागिरीचा डोंगर आहे, त्यावर जुना किल्ला आहे, आणि होडीत बसले की घारापुरीची लेणी येतात. पण ही ठिकाणे सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची. स्वयंपाक करून निघायचे आणि कुकर लावायला परत यायचे! एक रात्र घराबाहेर, तीही घरचा पुरुष बरोबर नसताना, असा बेत आपल्या मंडळाने कधी केला नव्हता. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. ती बातमी आपण मंडळात वाचली, आणि आपल्या आक्का म्हणाल्या, "जग येणार बघायला, आणि आपण जिल्ह्यात राहून रायगड पाहिलेला नाही." आक्कांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे शब्द आम्हा सर्वांना लागले. त्यांनी आणखी एक इच्छा बोलून दाखविली. प्रतापगडची भवानी एकदा डोळ्यांनी पाहायची. शिवाजी महाराजांनी १६६१ साली स्थापन केलेली ती देवी. तेव्हा बेत ठरला तो असा : पहिल्या दिवशी महाड आणि रायगड, पाचाडास मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून पोलादपूरवरून प्रतापगड, आणि रात्री घर.

नावे आली अकरा. तेरा आसनांची गाडी ड्रायव्हरसह भाड्याने ठरविली. हिशेब माझ्याकडे होता. भाडे किती, किलोमीटरला किती, टोल कोणाचा, हे सगळे मी चार वेळा विचारून घेतले. गाडीमालकाने 'ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता' म्हणून पाचशे रुपये लावले होते, तेही मी दिले. पाण्याच्या बाटल्या मोजल्या, खाकऱ्याचे डबे मोजले, गोळ्या-औषधे घेतली. माझ्या मनाला वाटले, काही राहिले नाही.

मार्गशीर्षातला शनिवार होता. पहाटे साडेपाचला गाडी दारात आली. ड्रायव्हर पस्तिशीच्या आतला, हसतमुख. त्याने आक्कांना हात देऊन चढविले, पायाखाली पिशवी सरकवून दिली. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. छापले तर त्याला संकोच वाटेल असे त्याने मला सांगितले आहे. त्या वेळी मात्र आम्ही त्याचे नाव विचारलेही नव्हते. आम्ही आपले "ड्रायव्हर, गाडी जरा हळू घ्या," "ड्रायव्हर, खिडकी लागत नाही," असेच चालविले होते.

चिरनेर आले तेव्हा उजाडत होते. १९३० च्या सप्टेंबरात, २५ तारखेला, जंगल सत्याग्रहात तेथे गोळीबार झाला आणि आपल्या भागातली माणसे हुतात्मा झाली. आम्ही गाडीतूनच हात जोडले. पुढे गोवा महामार्ग लागला. पेणला पोहे आणि चहा झाला. त्या रस्त्याची कथा आपल्याला ठाऊकच आहे. २०११ साली सुरू झालेले रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि प्रवाशांची हाडे मात्र रोज खिळखिळी झाली! गाडीत भेंड्या चालू होत्या. लोणेऱ्याच्या अलीकडे गाडी एकदम डावीकडे गेली, चाके खडीवर वाजली, आणि पुन्हा रस्त्यावर आली. आमच्यापैकी एकीने म्हटले, "खड्डा चुकविला असेल." आम्ही हसलो आणि पुढचे गाणे म्हटले. भगिनींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

महाडला प्रथम चवदार तळे पाहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांच्याबरोबर हजारो माणसे होती. पाणी पिण्यासाठी माणसाला सत्याग्रह करावा लागला, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या काठावर उभे राहणे निराळे. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच जी परिषद भरली, तिच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांच्या सभेतही बोलले, मुलींना शिकवा म्हणून त्यांनी सांगितले. आम्ही पायरीवर पाच मिनिटे गप्प बसलो. गाडीत इतका गलबला करणाऱ्या आम्ही, पण तेथे कोणाला बोलावेसे वाटले नाही.

नातेखिंडीतून वळून पाचाडला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. जेवून दोर-गाडीने वर गेलो. पायऱ्यांनी चढायचे तर दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत, आक्कांना ते शक्य नव्हते. १९९६ साली ही दोर-गाडी झाल्यापासून म्हाताऱ्या-कोताऱ्यांचीही सोय झाली आहे. पाच मिनिटांत माणूस वर पोहोचतो. आक्कांनी मात्र डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि त्या वरून खाली आल्यावर म्हणाल्या, "गड सुंदर, पण जाण्या-येण्याचा काही पाहिला नाही!"

गडाचे वर्णन मी लांबवीत नाही. १६५६ साली रायरीचा हा डोंगर मोऱ्यांकडून महाराजांनी घेतला, आणि ६ जून १६७४ रोजी येथेच त्यांना राज्याभिषेक झाला. राजसदरेवर उभे राहिले की समोर नगारखाना दिसतो. त्या दारात हळू बोललेले सिंहासनाच्या जागी ऐकू येते. आम्ही दोघी-तिघींनी कागद फाडून पाहिला, तोही ऐकू आला. राणीवशाच्या जोत्यांवर बायका जास्त वेळ रेंगाळल्या, हे सांगायला नकोच. १६८९ साली गड मोगलांच्या हाती पडला, येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले. येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडावे लागले. म्हणजे तीस वर्षे. एक काकू म्हणाल्या, "आपण एक रात्र बाहेर राहायचे तर घरी आठ दिवस समजूत घालावी लागली." सगळ्या हसल्या, पण त्या हसण्यात थोडे पाणी होते.

मला सर्वांत आवडली ती जगदीश्वराच्या देवळाची एक पायरी. ज्यांनी हा गड बांधला त्या हिरोजींनी आपले नाव कोरवून घेतले आहे ते पायरीवर. सेवेला तत्पर असलेला हिरोजी, एवढेच त्या दगडावर म्हटले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल आपल्या नावावर पडावे, अशी त्याची भावना असावी असे सांगतात. मी वाकून त्या अक्षरांना हात लावला. आणि बाहेर येऊन बायकांना म्हटले, "पाहा, काम करणाऱ्या माणसाचे मोठेपण महाराजांच्या काळी असे जपले होते." किती शहाणपणाचे बोलले मी! रात्री तेच माझ्या पदरात पडले.

पाचाडला घरगुती मुक्कामाची जागा होती. तीन खोल्या. यजमानीणबाईंनी विचारले, "पाने किती?" मी म्हटले, "अकरा." पिठले, भाकरी, ठेचा, वरणभात. असे जेवण झाले की दिवसभराचा शीण उतरला. दहाला दिवे मालवले.

आपल्या मंडळात एक वहिनी आहेत, त्यांचे यजमान न्हावा-शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवितात. रात्री अकराच्या सुमारास त्यांना शाल हवी होती, ती गाडीत राहिली होती. त्या बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. दिवा लावला आणि म्हणाल्या, "ताई, उठा. ड्रायव्हरभाऊ जेवले का?"

मी गप्प.

"ते गाडीत आहेत. दोन आसनांवर अंग मुडपून. मच्छर आत येतात म्हणून काचा लावल्यात, तर जीव गुदमरतो. काच उघडली तर थंडी. संध्याकाळी दोन वडापाव खाल्ले म्हणतात. ताई, तुम्ही किती पाने सांगितली?"

मी म्हटले, "अकरा." आणि माझी मलाच लाज वाटली. तेरा आसने मी मोजली, अकरा बायका मोजल्या, पाण्याच्या बाटल्या मोजल्या. बाराव्या माणसाचे पान मी मोजले नाही.

आता खरे ते सांगते. सगळ्यांनी त्याला लगेच आत बोलावले असे झाले नाही. एक काकू म्हणाल्या, "त्यांना सवय असते. भत्ता दिला आहे ना आपण?" दुसरी म्हणाली, "बायकांची सहल आहे. परका पुरुष एका छपराखाली झोपला हे घरी कळले तर पुढल्या वेळी पाठवतील का?" हा प्रश्न काही खोटा नव्हता. कोणाच्या घरी किती रामायण झाले होते ते आम्हाला ठाऊक होते. मी चिटणीसांनी नेमलेली प्रमुख, पण माझ्या तोंडून शब्द निघेना.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सवय कोणाला नसते ती मी सांगते. माझे यजमान पंधरा वर्षे केबिनमध्ये झोपतात. आपल्या रस्त्याच्या कडेला ट्रेलरची रांग लागते, तेव्हा आपण नाक मुरडतो, पण त्या प्रत्येक केबिनमध्ये कोणाचा तरी नवरा आंबलेल्या अंगाने पडलेला असतो. झोपेची सवय लागत नाही हो, नुसती झोप साठत जाते. उद्या पहाटे पाचला आपण अकरा जणी त्यांच्या हातात जीव देणार, आणि घाट चढणार."

कोणी काही बोलले नाही. आक्का उठल्या आणि सरळ यजमानीणबाईंकडे गेल्या. त्या माउलीने काय म्हणावे? "अहो, ओटी मोकळीच आहे. गादी आहे, मच्छरदाणी आहे. आधी सांगितले असते तर भाकरीही टाकली असती." एवढेच! ज्या प्रश्नावर आम्ही पाऊण तास घालविला, त्याचे उत्तर एका शब्दात होते; आणि तो शब्द संध्याकाळी मी विचारला नव्हता.

दादाला आत बोलावले. तो संकोचाने येईना, आक्कांनी हाताला धरून आणला. दूध-भाकरी दिली. खाता खाता वहिनींनी विचारले, "काल रात्री किती झोपलात?" तो हसला. "काल विमानतळाची फेरी होती. दोनला घरी आलो. साडेचारला उठलो, तुमचे साडेपाचचे ना." मग थोडे थांबून म्हणाला, "सकाळी लोणेऱ्याजवळ जरा डोळा लागला होता. पण सांभाळले मी."

भगिनींनो, खोलीत एवढी शांतता झाली की बाहेरचे रातकिडे ऐकू येऊ लागले. खडीवर वाजलेली ती चाके मला पुन्हा ऐकू आली. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आता पहाटेच्या बेताचे काय? प्रतापगडचा रस्ता आंबेनळी घाटातून जातो. २८ जुलै २०१८ रोजी त्या घाटात सहलीला निघालेली बस दरीत कोसळून तीस माणसे गेली, ती बातमी आपण कोणी विसरलेलो नाही. त्या अपघाताची कारणे काय ती मी सांगत नाही. तो घाट जागे डोळे मागतो, एवढे मात्र कोणालाही कळते. सगळ्या आक्कांकडे पाहू लागल्या. भवानीची इच्छा त्यांची होती, आणि या वयात 'पुढल्या वेळी' हा शब्द किती तोलून वापरावा लागतो, ते त्या बोलल्या नाहीत तरी आम्हाला कळत होते. मी म्हटले, "आक्का, तुम्ही सांगाल तसे."

आक्का म्हणाल्या, "भवानी साडेतीनशे वर्षे तेथे उभी आहे, ती काही उद्या उठून जात नाही. या मुलाला झोपू द्या." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. झोपल्या की नाही, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दादा साडेआठपर्यंत झोपला. आम्ही पायीच जिजाऊसाहेबांच्या समाधीला गेलो. गडावरचा वारा उतारवयात त्यांना मानवेना, म्हणून पाचाडास वाडा बांधला असे सांगतात. राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या गेल्या. गडावर जितकी गर्दी होती तितकी येथे नव्हती. सकाळचे ऊन, बाजूला झाडे, आणि ती साधी समाधी. प्रतापगडास गेलो असतो तर येथे गाडीतून हात जोडून निघालो असतो. आक्का तेथे बराच वेळ बसल्या. वाड्याचे जोते पाहिले, विहीर पाहिली, आणि परत आलो तो दादा अंघोळ करून ताजातवाना बसलेला.

बोलता बोलता कळले की या पाचाडला तो चौदा वेळा आला आहे आणि गडावर एकदाही गेलेला नाही. प्रवासी वर जातात, हा खाली गाडी सांभाळतो. वहिनी आणि दुसरी एक ताई आदल्या दिवशी गर्दीमुळे समाधीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर आम्ही त्याचे तिकीट काढले. बारापर्यंत तो खाली आला. मी विचारले, "काय पाहिलेत?" म्हणाला, "महाराजांच्या समाधीवर डोके ठेवले. आणि मावशी, ती बाजारपेठ काय रुंद आहे! आपली गाडी सहज वळेल." आम्ही पोट धरून हसलो. पण मनात म्हटले, ज्याने त्याने आपल्या कामाच्या डोळ्याने पाहिले तरच गड खरा दिसतो. हिरोजीनेही तो तसाच पाहिला असेल.

जेवणाला यजमानीणबाईंनी पाने विचारली, तेव्हा तिघी-चौघी एकदम ओरडल्या, "बारा!"

दीडला निघालो, माणगावला अर्धा तास थांबलो, आणि सात वाजता द्रोणागिरीत होतो. रस्त्यात गाडी एकदाही पांढऱ्या रेघेबाहेर गेली नाही. नंतर मला कळले की त्या पाचशे रुपयांतले दोनशेच दादाच्या हाती आले. तेव्हा ज्या बहिणी अशी सहल काढतील, त्यांच्यासाठी आम्ही शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, गाडीची पाटी पाहा. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात. विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त पडते म्हणून भाड्याने घेऊ नका. ते कायद्यात बसत नाही, आणि काही बरेवाईट झाले तर विम्याची अडचण येते.

दुसरी, भाडे ठरविताना 'आदल्या रात्री ड्रायव्हर कोठे होता' हे विचारा. मालकाला राग आला तर येऊ द्या. दुसरी गाडी मिळेल, दुसरा जीव मिळत नाही. १९६१ साली मोटार कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती, असे ठरवून दिले होते. एकट्या-दुकट्या गाडीवाल्यापर्यंत असे नियम क्वचितच पोहोचतात. तेव्हा आपली सहल आपणच त्या मापाने आखावी. ठिकाणे दोन कमी झाली तरी चालतील.

तिसरी, मुक्कामाची जागा ठरविताना ड्रायव्हरची गादी आणि पान त्याच वेळी ठरवा, आणि त्याचा भत्ता शक्य तर त्याच्याच हातात द्या.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत आधी करण्याची. गाडीत बसताना त्याचे नाव विचारा.

घरी काय झाले तेही सांगून टाकते, कारण काकूंची शंका अजून तुमच्या मनात असेल. मी आल्याबरोबर यजमानांना सर्व सांगितले. ड्रायव्हर ओटीवर झोपला होता हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरे केलेत. मी बरोबर असतो तर मला सुचले नसते." ज्या काकूंनी ती शंका काढली होती, त्यांनी आता पुढल्या सहलीसाठी एक नवी मच्छरदाणी मंडळाला भेट दिली आहे.

येत्या मार्गशीर्षात प्रतापगडचा बेत आहे, या वेळी दोन रात्रींचा, घाई न करता. नावे चिटणीसबाईंकडे द्यायची आहेत. यादी मी पाहिली. पहिले नाव आक्कांचे आहे आणि दुसरे दादाचे. तेव्हा जागा थोड्याच उरल्या आहेत, हे लक्षात ठेवावे.